पत्र्याच्या शेडमागचे दोघे

भोपाळहून आल्यापासून लोक विचारतात, तिथे काय पाहिलंत. मी सांगते, तलाव पाहिला, जिलेबीबरोबर पोहे खाल्ले. तेवढ्यावर त्यांचं समाधान होतं. माझं होत नाही, पण चार लोकांत बोलायला मला जमत नाही. शाळा चौथीपर्यंत झाली, तेवढ्यावर लिहिता मात्र येतं. म्हणून झालं ते लिहून ठेवते.

आम्ही वरूडचे. माझ्या धाकट्या दिरांची, प्रकाशभाऊजींची मुलगी केतकी अकरावीत आहे. ती मोबाइलवर एक खेळ खेळते. चौघांचा एक संघ असतो. असे पुष्कळ संघ एका बेटावर उतरतात, घरं-गोदामं धुंडाळून हत्यारं गोळा करतात आणि एकमेकांना मारतात. बेटावर एक गोल आखलेला असतो आणि तो लहान लहान होत जातो. गोलाच्या बाहेर राहिलं की माणूस आपोआप मरतो. शेवटी सगळे एखाद्या वावराएवढ्या जागेत येतात आणि एकच संघ उरतो. मेलेली मुलं पुढच्या डावात पुन्हा उभी असतात, म्हणून मी ते फारसं मनाला लावून घेत नाही.

केतकीचा संघ घरबसल्या खेळत खेळत वर चढला आणि आमच्या विभागाची शेवटची फेरी भोपाळला ठरली. तिथे पहिल्या दोनांत आलेले संघ देशाच्या मोठ्या लीगमध्ये जाणार होते. प्रकाशभाऊजींना हे काहीच पसंत नव्हतं. ते म्हणाले, "पहिल्या दोनांत आलीस तर पुढे खेळ, मी मध्ये येणार नाही. नाही आलीस तर मोबाइल माझ्याकडे. बारावी होईपर्यंत." केतकी हो म्हणाली. अठरा वर्षांखालच्या खेळाडूबरोबर घरचं मोठं माणूस सभागृहात हजर पाहिजे असा नियम होता. तिची आई सरकारी दवाखान्यात नर्स आहे, तिला सुट्टी नव्हती. भाऊजींची संत्र्याची तोड चालू होती. रिकामी मी होते.

आनंद नगर

माझ्या मोठ्या नणंदबाई, नलिनीवन्सं, लग्न होऊन भोपाळला गेल्या त्या तिथल्याच झाल्या. त्यांचे यजमान विलासराव विजेची मोठी यंत्रं बनवणाऱ्या सरकारी कारखान्यात फोरमन होते. निवृत्त झाल्यावर क्वार्टर सोडावं लागलं, तेव्हा त्यांनी जवळच आनंद नगरला घर बांधलं. तरी रोज सकाळी ते जुन्या वसाहतीत एक चक्कर मारून येतात. पहिल्या दिवशी आम्हालाही घेऊन गेले.

वसाहत मला आवडली. रस्ते आमच्या बाजारपेठेपेक्षा रुंद आणि त्यांवर माणसं अगदी थोडी. दोन्हीकडे एकसारखी घरं, प्रत्येकावर नंबर, प्रत्येकापुढे आंबा नाहीतर कडुलिंब. काही घरं रिकामी पडलीत, त्यांच्या भिंतीतून पिंपळ आलेत. कारखान्याचा भोंगा झाला की विलासराव अजूनही घड्याळ बघतात. "बरोबर आहे," असं स्वतःशीच म्हणतात.

येताना भाजी घेतली. वन्सं हिंदीत भाव विचारत होत्या आणि मधेमधे मराठीत मला सांगत होत्या, "मटार जून आहे. पण चेहरा तसा करू नकोस, नाहीतर त्याला कळेल. फ्लॉवर चांगला आहे, त्याच्याकडे बघूसुद्धा नकोस." भाजीवाला शांतपणे शेंगा निवडत होता. मला संकोच वाटला. विलासराव हसले. म्हणाले, "अगं, इथं मराठी म्हणजे आपली घरातली खोली. दार लावायची गरज पडत नाही." पुढे पाहिलं तर वसाहतीतली सगळीच मराठी माणसं असं करतात. दवाखान्याच्या रांगेत, रिक्षात, साहेबाच्या केबिनबाहेर, मनातलं मोकळेपणी मराठीत बोलतात. आमच्याकडे ही सोय नाही. आमच्या गावात गुपित सांगायचं तर परसात जावं लागतं.

संध्याकाळी केतकीच्या संघातला झुबेर आला. तो जुन्या भोपाळचा, कॉलेजात शिकणारा, आणि संघाचा कप्तान. वर्षभर ही दोघं रोज बोलत होती पण एकमेकांना पाहिलेलं नव्हतं. तो दारात उभा राहून केतकीकडे बघत राहिला.

"को खां, तू तो इत्ती-सी है," तो म्हणाला. "आवाज से तो अपन समझे थे पहलवान होगी."

"और तू आवाज से समझदार लगता था," केतकी म्हणाली.

मग तो मला सलाम करून बसला. वन्संनी त्याच्यापुढे पोहे ठेवले. त्यांच्या पोह्यांवर शेव आणि बाजूला जिलेबी. आमच्याकडे पोह्यांवर चण्याच्या रश्श्याची तर्री लागते. गोड आणि तिखट एका घासात खायला मला दोन दिवस लागले, तिसऱ्या दिवशी मी जिलेबी मागून घेतली.

मी झुबेरला विचारलं की हे सगळं चालवतं कोण. मला वाटलं होतं सरकार असेल. तो म्हणाला, "नहीं आंटी, जिसका गेम, उसका टूर्नामेंट." खेळ बनवणाऱ्या कंपनीची परवानगी असल्याशिवाय स्पर्धा होत नाही, नियमही तीच ठरवते. आधी कुणीही नाव नोंदवायचं आणि घरून खेळायचं. तिथून गाळून गाळून विभागाची फेरी. विभागातून देशाची लीग. ती एकाच शहरात कित्येक आठवडे चालते. तिथे काही संघ पैसेवाल्या मालकांचे असतात, त्यांना पगार असतो, राहायला घर, शिकवायला कोच, सामने पाहून चुका काढणारा वेगळा माणूस, स्वयंपाकीसुद्धा. त्यांची जागा आधीच पक्की. बाकीचे केतकीसारखे खालून चढत येतात. लीगमधले वरचे संघ परदेशी जातात. कोणत्या देशाला किती जागा, ते आधीच्या वर्षी त्या देशाचे संघ कसे खेळले त्यावर ठरतं.

मी नंतर यावर विचार केला. कबड्डी कुणाच्या मालकीची नाही. चार पोरं आणि एक रेघ असली की झाली. हा खेळ मात्र एका कंपनीचा आहे. तिने उद्या दिवा मालवला तर एवढी सगळी मुलं काय खेळतील?

सभागृह

फेरी वसाहतीच्याच सभागृहात होती. तिथे वीज जात नाही, मंच मोठा आहे आणि भाडं कमी, म्हणून आयोजकांनी ते घेतलं होतं. एरवी त्या मंचावर गणपतीत नाटकं होतात. रंगपटाच्या दारावर 'जोडे बाहेर काढावेत' असं मराठीत लिहिलेलं अजून आहे, त्याच्याखालून मुलं बूट घालून ये-जा करत होती.

मी वरूडहून पिशवीभर संत्री नेली होती. दारावरच्या रखवालदाराने एक एक संत्रं हातात घेऊन पाहिलं. खेळाडूंपर्यंत बाहेरचं काही जाऊ द्यायचं नाही, असा त्याला हुकूम होता. शेवटी संत्री पालकांच्या खोलीत ठेवायची असं ठरलं. तिथे इतर गावांची आईवडील मंडळी होती, कोच होते. मी काही न बोलता संत्री वाटली. कोल्हापूरच्या संघाचे कोच, पाटील म्हणून, दोन संत्री खाऊन म्हणाले, "मावशी, लई ग्वाड हाईत." मुख्य रेफ्री एक मुलगीच होती, केतकीची मोठी बहीण शोभेल अशी. तिला सगळे मॅडम म्हणत. तिच्यापुढे मी संत्रं धरलं तर ती हात जोडून म्हणाली, "मैच के बाद लूँगी, आंटी. अभी नहीं ले सकती." मला ते आवडलं.

खेळण्याची पद्धत अशी. मंचावर संघांची टेबलं ओळीने. मोबाइल आयोजक तपासून देतात. खेळाडूच्या कानात एक यंत्र, त्यातून खेळाचा आणि साथीदारांचा आवाज, आणि त्यावर जाड हेडफोन, बाहेरचं काही ऐकू येऊ नये म्हणून. प्रत्येकाच्या चेहऱ्यावर कॅमेरा. मागे रेफ्री फिरत असतात. मेलेल्या खेळाडूने जागेवरून उठायचं नाही. बाजूच्या अंधाऱ्या खोलीत काही मुलं बसलेली असतात, ती खेळत नाहीत. ती बेटावर न दिसता फिरतात आणि प्रेक्षकांना काय दाखवायचं ते ठरवतात. त्यामुळे सभागृहातल्या मोठ्या पडद्यावर सगळंच दिसतं, कोण कुठे लपलंय, कोण कुणाच्या मागावर आहे. खेळणाऱ्याला मात्र फक्त त्याच्या डोळ्यापुढचं दिसतं. मंचाकडे आणि पडद्याकडे आळीपाळीने बघताना मला कसंतरी झालं. एखाद्याचं उद्याचं आपल्याला माहीत असावं आणि त्याला नसावं, तसं ते होतं.

पहिल्या दिवशी सभागृह अर्धं रिकामं होतं. आयोजकांनी वसाहतीच्या मराठी मंडळाला माणसं आणायला सांगितलं. मंडळाच्या लोकांना खेळ कळत नव्हता, पण नलिनीताईंची भाची मंचावर आहे हे कळलं. दुसऱ्या दिवशी पुढच्या रांगा भरल्या. विलासराव मधोमध इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते आणि आजूबाजूच्यांना गोल म्हणजे काय ते समजावत होते. चुकीचं समजावत होते, पण ऐकणारे मान हलवत होते.

शेवटचा डाव

शेवटच्या डावाआधी केतकीचा संघ पाचवा होता. झुबेर हिशेब करून आला होता. म्हणाला, "टॉप टू में आना है तो आखिर तक जिंदा रहना पड़ेगा. बस इत्ता."

डाव सुरू झाला. संघातली दोन मुलं लवकर गेली. मग झुबेर गेला. त्याने दोन्ही हात डोक्यावर ठेवले. केतकी एकटी उरली. पडद्यावर ती एका बांधाला टेकून पडलेली दिसत होती. गोल अगदी लहान झाला होता. समोर दगडाआड कोल्हापूरचा एक मुलगा होता, ती त्याच्याकडे नेम धरून होती. तिच्या डाव्या अंगाला एक पत्र्याची शेड होती आणि शेडच्या मागे गवतात आणखी दोघे सरपटत येत होते. ते तिला दिसत नव्हते. आम्हाला सगळ्यांना दिसत होते. 

तेव्हा विलासराव उभे राहिले आणि ओरडले, "केतकी, डावीकडे! पत्र्याच्या शेडमागे दोघं आडवे पडलेत!"

फोरमनचा आवाज तो. यंत्रांच्या खडखडाटावरून जायची सवय असलेला. त्यांच्यामागून सगळी रांग ओरडली, "डावीकडे, डावीकडे."

केतकी डावीकडे वळली. शेडमागचे दोघे एकामागून एक पडले. मग दगडामागचा कोल्हापूरचा मुलगा घाईने उठला आणि तोही पडला. पडद्यावर केतकीच्या संघाचं नाव मोठ्या अक्षरांत आलं. तक्त्यावर ते दुसऱ्या जागी गेलं. मंडळाची माणसं एकमेकांच्या पाठी थोपटत होती. विलासराव खाली बसून रुमालाने मान पुसत होते. शेजारचे गृहस्थ म्हणाले, "बरं झालं मराठीत सांगितलंत. कुणाला काही कळलं नाही."

मागच्या बाजूने कोल्हापूरचे पाटील शांतपणे चालत आले. विलासरावांपाशी थांबले.

"अवो काका," ते म्हणाले, "आमी कोल्हापूरचं. आमास्नी मराठी कळत न्हाई व्हय?"

 इतकी वर्षं पुढच्या रांगेतल्यांच्या मराठीला भोपाळात कुणी उत्तर दिलं नव्हतं.

मागची खोली

रेफ्री मॅडमने निकाल थांबवला. केतकीच्या संघाला मागच्या खोलीत बोलावलं. केतकी अठराच्या आतली, म्हणून मलाही. पाटील होते, विलासराव होते. मॅडमने आधी विलासरावांनाच विचारलं.

"मैंने तो शाबाशी दी थी," विलासराव म्हणाले. "बच्ची का हौसला बढ़ाया, और क्या."

पाटील हिंदीत सांगू लागले तर मॅडमने त्यांना थांबवलं. "आप दूसरी टीम के हैं, आपसे नहीं पूछूँगी." मग ती माझ्याकडे वळली. "आंटी, आप गार्जियन हैं, मराठी जानती हैं. इन्होंने क्या कहा था? हिंदी में बताइए."

मी त्यांच्या घरात उतरलेली. त्यांनी दिलेल्या गादीवर झोपत होते. नणंदेच्या यजमानांसमोर मी आजवर डोक्यावरचा पदर सरकू दिला नव्हता, मग त्यांना खोटं पाडणं दूरच. पलीकडे केतकी बसली होती. तिने वर्षभर ज्यासाठी जागरणं केली ते त्या एका शब्दावर होतं. शाबाशी दिली, एवढं म्हटलं की झालं होतं. माझं हिंदी वाईट आहे, पण ते वाक्य नीट आलं.

"उन्होंने कहा, बाईं तरफ, टीन के शेड के पीछे दो लोग लेटे हैं."

विलासराव भिंतीकडे बघू लागले.

मॅडमने केतकीला विचारलं, "तुमने सुना था?"

"हेडफोन में कुछ सुनाई नहीं देता मैडम," झुबेर म्हणाला.

"तुमसे नहीं पूछा."

केतकीने माझ्याकडे पाहिलं. मी टेबलाकडे बघत होते. तिला काही सुचवावं असं माझ्या मनात नव्हतं, आणि असतं तरी काय सुचवायचं ते मला माहीत नव्हतं.

"सुना," केतकी म्हणाली. "कदमों की आवाज़ से शक था. पर घूमी तब, जब सुना."

मॅडमने ते लिहून घेतलं. निकाल असा लागला की केतकीच्या संघाची चूक नाही, पण त्या ओरडण्याने झालेला सगळा फायदा ठेवता येणार नाही. शेवटच्या मारामारीचे गुण कापले गेले, शेवटपर्यंत टिकल्याचे मात्र राहिले. संघ तिसरा आला, कोल्हापूरचा दुसरा. तिसरा संघ राखीव असतो. वरच्या दोनांपैकी कुणाची कागदपत्रं अडली किंवा कुणी माघार घेतली, तर लीग सुरू व्हायच्या आत राखीव संघाला फोन येतो. संघाच्या नोंदीत केतकीचा नंबर होता, तो मॅडमने तिला विचारून पुन्हा तपासून घेतला. निघताना तिने माझ्याकडून संत्रं मागून घेतलं. तिथेच सोललं.

बाहेर झुबेर म्हणाला, "आंटी, एक लफ़्ज़ था. शाबाशी बोल देतीं." मी म्हटलं, "बेटा, वो शाबाशी नहीं थी." त्याने मान फिरवली. मग सगळ्यांना जुन्या भोपाळात नेऊन मीठ घातलेला चहा पाजला. चहात मीठ ही गोष्ट मला तोवर खरी वाटली नव्हती. चांगला लागतो.

परत

त्या संध्याकाळी आनंद नगरच्या घरी ताटं लवकर वाढली गेली. विलासरावांनी भाताला हात लावला नाही.

"कारखान्यात साहेबांपुढे कधी आवाज निघाला नाही," वन्सं म्हणाल्या, "आणि आज पोरीच्या मुळावर उठला."

"दिसत होतं गं," विलासराव म्हणाले. "कारखान्याच्या शॉपमध्ये कुणाचा हात चालू मशीनजवळ जाताना दिसला की आधी ओरडायचं, मग विचार करायचा. मी पोरांना हेच शिकवलं. दिसत असताना गप्प कसं बसायचं?"

"आतोबा," केतकी म्हणाली, "तुम्ही नसता ओरडला तर मी तिथेच मेले असते. आम्ही पाचवे राहिलो असतो, नाहीतर सहावे."

"म्हणजे?"

"म्हणजे भात खा."

त्यांनी खाल्ला. माझ्याशी मात्र ते बोलले नाहीत. सकाळी स्टेशनवर माझी बॅग त्यांनीच डब्यात चढवून दिली आणि केतकीला म्हणाले, "पुन्हा ये." मी खिडकीतून नमस्कार केला तेव्हा ते इंजिनाकडे बघत होते. मला वाईट वाटलं. पण तेच वाक्य पुन्हा विचारलं तर मी तेच सांगीन.

वरूडच्या बसस्टँडवर प्रकाशभाऊजी घ्यायला आले होते. तक्ता त्यांनी पाहिला होता. काय झालं ते त्यांनी मला विचारलं आणि मी जमेल तसं सांगितलं. मग त्यांनी केतकीला एकच विचारलं.

"मॅडमनी विचारलं नसतं तर सांगितलं असतंस?"

केतकीने विचार केला. "नाही," ती म्हणाली.

तिने न मागता मोबाइल काढून त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो सदऱ्याच्या खिशात ठेवला. 

केतकी आता सकाळी ट्यूशनला जाते, संध्याकाळी अभ्यास करते. मोबाइलचं नाव काढत नाही. मोबाइल भाऊजींच्या कपाटात असतो. लीग सुरू व्हायला अजून अवकाश आहे. राखीव संघासाठी जो नंबर दिलेला आहे तो त्याच मोबाइलचा.

रोज जेवण झालं की भाऊजी तो कपाटातून काढतात, चार्जिंगला लावतात, आवाज पूर्ण आहे का ते बघतात. बागेत जाताना खिशात घालून नेतात. परवा संत्र्याच्या व्यापाऱ्याशी बोलता बोलता तो वाजला, तर व्यापाऱ्याला तसंच सोडून ते बांधावर पळत गेले. कुठल्याशा कर्जाची जाहिरात होती. जाऊबाईंनी विचारलं, बंद करून का ठेवत नाही. भाऊजी म्हणाले, "बंद ठेवला की बॅटरी खराब होते."